ऐकू न येणाऱ्यांचा अनुशेष

(नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२००१ च्या जनगणनेने भारतात सुमारे १२ लाख ६० हजार लोकांना ऐकू येत नाही असे नोंदवले. २०११ च्या जनगणनेत हीच संख्या ५० लाख ७० हजारांवर गेली. एका दशकात देशातील बहिऱ्यांची संख्या चौपट झाली असे कोणीही शहाणा माणूस मानणार नाही. बदलला तो प्रगणकाच्या हातातील प्रश्न. २००१ साली ज्याला यंत्र लावून ऐकू येते त्याला बहिरा धरू नये अशी सूचना होती. २०११ साली ती काढून टाकण्यात आली. त्याच्याही मागे गेले तर १९८१ हे वर्ष जगभर अपंग वर्ष म्हणून पाळले गेले, आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे व पूर्ण मुके एवढेच मोजण्यात आले. बहिऱ्यांचा रकाना ठेवावा असे कोणाला सुचले नाही. १९९१ मध्ये तर अपंगत्वाचा प्रश्नच गळाला, आणि २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अंदाजावर भारत सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम आधारलेला आहे, त्यानुसार देशात ६ कोटी ३० लाख लोकांना श्रवणाचा लक्षणीय त्रास आहे; म्हणजे दर शंभरांत सहांहून थोडे अधिक. जनगणनेचा आकडा आणि हा आकडा यांत बारा पटींचे अंतर पडते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या अंतराचा अर्थ चटकन कळावा. सरकार ज्याला मोजत नाही त्याच्यासाठी तरतूद करत नाही, आणि ज्याच्यासाठी तरतूद नाही तो दवाखान्याच्या दारापर्यंत येत नाही. मग दारात गर्दी नाही म्हणून मागणी नाही, असा निष्कर्ष निघतो. मराठवाड्याच्या रस्त्यांबाबत आणि पाटबंधाऱ्यांबाबत हा युक्तिवाद पन्नास वर्षे ऐकवला गेला आहे. कानांच्या बाबतीत तो ऐकवण्याचीही गरज पडलेली नाही.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे नांदेडची लोकसंख्या ३३,६१,२९२ आणि लातूरची २४,५४,१९६. दोन्ही मिळून ५८ लाखांवर. देशाचे सरासरी प्रमाण येथेही तेच धरले तर साडेतीन लाखांहून अधिक माणसे या दोन जिल्ह्यांत कमी ऐकणारी आहेत. दारिद्र्याशी या रोगाचे जे नाते आहे ते पाहता किनवट, माहूर, मुखेड, कंधार, जळकोट, देवणी या तालुक्यांत प्रमाण सरासरीइतकेच असेल, असे मानण्यास आधार नाही.

हे नाते नीट समजून घेतले पाहिजे, कारण बहिरेपण म्हणजे म्हातारपण किंवा दैव अशी समजूत सुशिक्षितांतही पक्की आहे. म्हातारपणी कान जातात हे खरे. पण मुलांमधील श्रवणदोषांपैकी जवळजवळ ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मधील आपल्या जागतिक अहवालात म्हटले आहे. त्या कारणांत आपल्याकडे अग्रक्रमाने येणारे कारण अगदी साधे आहे: कान वाहणे. सर्दी होते, ती कानात उतरते, पडद्यामागे पू साठतो, पडदा फाटतो आणि कान वाहू लागतो. वेळेवर औषध मिळाले तर पडदा बहुधा भरून येतो. न मिळाले तर कान वर्षानुवर्षे वाहत राहतो, आतली हाडे झिजतात, आणि क्वचित रोग मेंदूपर्यंत पोहोचतो. २००४ साली संघटनेने या रोगाच्या प्रमाणावरून देशांची वर्गवारी केली. शंभरांत चारांहून अधिक माणसांचे कान वाहतात अशा सर्वांत वाईट गटात भारताचे नाव होते. त्याच गटात टांझानिया होता, आणि ऑस्ट्रेलियातील आदिवासीही होते. ऑस्ट्रेलियाच्या गोऱ्या नागरिकांचा त्यात समावेश नव्हता. एकाच देशात, एकाच सरकारखाली, एकाच औषधाच्या दुकानापासून सारख्या अंतरावर नसलेल्या दोन समाजांचे कान वेगवेगळे असतात, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मुखेड, कंधार, जळकोट, रेणापूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर उसाच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाची उचल अंगावर असते. चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत राहायचे, थंडीत पहाटे फडावर जायचे, मिळेल ते पाणी प्यायचे. अशा संसारात लहान मुलाचा कान वाहू लागला तर आई त्यात कोमट तेल घालते आणि कापसाचा बोळा बसवते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिच्या आवाक्यातला इलाज तेवढाच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये याच महाराष्ट्रात, पालघर येथून, सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. जन्मजात बहिरेपणा आणि कानाचे रोग त्यांच्या यादीत आहेत. योजना चांगली आहे, तिची टवाळी करू नये. पण पथक गावात येते तेव्हा मूल फडावर असते, आणि फडाच्या तालुक्यातील पथकाच्या पटावर त्या मुलाचे नाव नसते.

दुसऱ्या कारणाविषयी बोलताना संकोच बाळगू नये. तेलंगणा व कर्नाटकाला लागून असलेल्या या पट्ट्यात मामाच्या मुलीशी, आणि काही घराण्यांत प्रत्यक्ष मामाशी, लग्न लावण्याची रीत आहे. रक्ताच्या नात्यातील विवाहात जन्मजात बहिरेपणाचा धोका वाढतो हे विज्ञानाने सिद्ध केले आहे. ही रीत निव्वळ अज्ञानातून चालत आलेली नाही. शेताचा तुकडा घरात राहावा, हुंडा वाचावा, मुलगी ओळखीच्या उंबऱ्यात पडावी, असे तिला आर्थिक पाय आहेत. केवळ भाषणांनी ती जाणार नाही. गोवर-रुबेलाची लस मात्र केवळ व्यवस्थेचा प्रश्न होता. गरोदरपणी आईला रुबेला झाल्यास मूल बहिरे जन्मू शकते हे वैद्यकाला १९४० च्या दशकापासून ठाऊक आहे. महाराष्ट्रात या लसीची सार्वत्रिक मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाली. मधल्या पिढ्यांचे काय झाले याचा जाब कोणी विचारला नाही. क्षयाचेही तसेच. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर कॅनामायसिनची इंजेक्शने दिली जात. ती कानाला बाधतात हे सर्वश्रुत होते. २०१८-१९ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या शिफारशींतून काढली. ज्यांचा क्षय बरा झाला आणि कान गेले ते रुग्ण सरकारी दप्तरात ‘बरे झालेले’ म्हणून नोंदले गेले.

लातूरच्या डाळमिलांचा उल्लेख करणे कामगार चळवळीतील कार्यकर्त्यांसमोर आवश्यक आहे. तुरीच्या डाळीची ही बाजारपेठ देशभर प्रसिद्ध आहे. भरडणाऱ्या, चाळणाऱ्या, पाखडणाऱ्या यंत्रांपाशी जो माणूस पाळी करतो त्याचे कान हळूहळू जातात, आणि प्रथम जातात ते उंच स्वर, त्यामुळे बराच काळ त्यालाही ते कळत नाही. कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटामुळे येणारे बहिरेपण अधिसूचित रोग म्हणून आले. डॉक्टरने असा रोगी आढळल्यास कळवावे असे बंधन त्यामुळे आले, आणि कामगार भरपाईच्या कायद्यातही या बहिरेपणाला स्थान मिळाले. पण हमाल आणि रोजंदारी कामगार पटावरच नसतो, कामाला लागताना त्याचे कान कोणी तपासलेले नसतात, मग ते मिलमध्ये गेले की आधीच गेले होते हे सिद्ध करायचे कसे? मजुरी आणि बोनस यांसाठी लढणाऱ्या युनियननी भरतीच्या वेळी आणि पुढे दरवर्षी श्रवणतपासणी ही मागणी मागणीपत्रात क्वचितच घातली आहे. ही उणीव चळवळीची आहे, मालकांवर ती ढकलता येणार नाही.

आता मुलांकडे वळू. ‘मूकबधिर’ या शब्दाने फार नुकसान केले आहे. बहिरे जन्मलेले बहुतेक मूल मुके नसते. त्याचा कंठ धड असतो. ऐकलेले नाही म्हणून ते बोलत नाही. भाषा शिकण्याचा मेंदूचा काळ पहिल्या काही वर्षांत निघून जातो. त्या काळात यंत्र मिळाले, शिकवणारे माणूस मिळाले, किंवा हातांची खूणभाषा मिळाली, तर मूल भाषेत येते. यांपैकी काहीच न मिळता सहाव्या-सातव्या वर्षी मूल निवासी शाळेत दाखल झाले तर शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी हरवलेली वर्षे परत येत नाहीत. कानात शस्त्रक्रियेने बसवायच्या महागड्या उपकरणासाठी केंद्राच्या अपंग साहाय्य योजनेत २०१४ पासून सहा लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद झाली, ती जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी पाच वर्षे वयापर्यंत. नवजात बालकाची श्रवणतपासणी काही मिनिटांचे काम आहे. ती प्रसूतिगृहात झाली नाही तर आईबापांना शंका येण्यात दोन वर्षे जातात, ‘याचा बापही उशिरा बोलायला लागला होता’ असे म्हणण्यात तिसरे, देवदेवस्कीत चौथे. योजनेचा लाभ अशा रीतीने ज्या घरात आधीच माहिती आहे त्याच घरात जातो.

किनवटजवळच्या एखाद्या पाड्यावरच्या गोंड वा कोलाम कुटुंबाचा विचार करावा. नांदेड सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर. राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध कार्यक्रम २००७ च्या जानेवारीत देशातील २५ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाला आणि पुढे वाढत गेला. त्याची रचना जिल्हा रुग्णालय हा पाया धरून केलेली आहे. तेथे ध्वनिरोधक खोली, ऑडिओमीटर, कंत्राटी साहाय्यक आणि मुलांना शिकवणारा एक निदेशक अशी कल्पना आहे. म्हणजे एक खेप तपासणीची, दुसरी कानाचा साचा घेण्याची, तिसरी यंत्र बसवण्याची, चौथी ते नीट लागत नाही म्हणून दुरुस्तीची. रोजगार हमीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. चार खेपांची एका माणसाची बुडालेली मजुरी १,२४८ रुपये. लहान मूल किंवा म्हातारा एकटा जात नाही, सोबतीचे माणूस धरले की २,४९६. यात एसटीचे भाडे नाही, वाटेतला चहा-भाकरही नाही. यंत्र फुकट मिळाले असे सरकार म्हणते, त्याचा हा हिशेब.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल मोजला. एकूण अनुशेष ३,१८६ कोटी रुपयांवर निघाला, आणि मोजलेल्या क्षेत्रांत आरोग्यसेवाही होती. तो अहवाल मोठ्या योग्यतेचा आहे आणि मराठवाड्याने त्याचे ऋण मानले पाहिजे. पण रुपये, खाटा आणि इमारती यांच्या मापाने मोजलेल्या अनुशेषाची एक मर्यादा असते. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकातले, नांदेडचे १९८८ चे, लातूरचे २००२ चे, इमारती आल्या. खोली बांधलेली आहे, यंत्र आहे, आणि ते चालवणाऱ्याचे कंत्राट संपले म्हणून कुलूप आहे, अशा खोलीचा अनुशेष त्या मापाने शून्य भरतो. ऑक्टोबर २०२३ च्या प्रारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा खाटा, औषधे आणि मनुष्यबळ यांची चर्चा राज्यभर झाली. जेथे श्वासासाठी झुंज चालते तेथे कानाकडे कोण पाहणार, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु त्याच कारणाने कानाची सेवा जिल्ह्याच्या त्या एका इमारतीतून बाहेर काढून तालुक्यात आणि उपकेंद्रात नेली पाहिजे.

या ठिकाणी तज्ज्ञांचा आक्षेप येतो: प्रशिक्षित श्रवणतज्ज्ञ नसेल तर गरिबाला दुय्यम दर्जाची सेवा मिळेल. आक्षेप प्रामाणिक आहे, पण त्याचा परिणाम गरिबाला कोणतीच सेवा न मिळण्यात होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेच मार्च २०२४ मध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी मार्गदर्शिका काढली आणि प्रौढांची साधी तपासणी, यंत्र बसवणे व पाठपुरावा ही कामे योग्य प्रशिक्षण दिलेल्या इतर आरोग्य कर्मचाऱ्यांकडे सोपवता येतात असे मांडले. अवघड रोगी, लहान मुले आणि वाहता कान यांसाठी तज्ज्ञ हवाच. तथापि हे जास्तीचे काम आशा कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर आणखी एक पाटी म्हणून ठेवले जाणार असेल तर त्याला विरोध केला पाहिजे. मानधनासाठी २०२३-२४ मध्ये ज्यांना दीर्घ संप करावा लागला, त्यांच्या सेवाभावावर नवी योजना उभी करणे ही सरकारची काटकसर असेल, लोकसहभाग नव्हे.

यंत्राच्या बाजाराविषयी पक्षाच्या पत्रांतून जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. जगातील श्रवणयंत्रांचा बहुतांश व्यापार पाच कंपन्यांच्या हाती आहे: स्वित्झर्लंडची सोनोवा, डेन्मार्कच्या डिमांट आणि जीएन, डब्ल्यूएस ऑडिऑलॉजी, आणि अमेरिकेची स्टार्की. पाचांच्या बाजारात किंमत कशी ठरते हे सांगायला नको. जगात ज्यांना यंत्राची गरज आहे त्यांच्यापैकी केवळ १७ टक्क्यांच्या आसपास लोकांकडे ते आहे, हा जागतिक अहवालाचा अंदाज. ही स्थिती अटळ नाही. १९४८ साली ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली तेव्हा वैद्यकीय संशोधन मंडळाच्या समितीने तयार केलेल्या आराखड्यावरून ‘मेडरेस्को’ नावाचे यंत्र बनवून घेण्यात आले आणि ते फुकट वाटले गेले. ते बोजड होते, छातीवर बांधावे लागे, लोक त्याला नावेही ठेवत. पण आराखडा सार्वजनिक होता, कारखानदार कंत्राटदार होते, आणि किंमत सरकारच्या हाती होती. अलीकडच्या काळात आफ्रिकेतील बोत्स्वानात ओत्से या गावी बहिऱ्या कामगारांनीच उन्हावर भारित होणारी यंत्रसामग्री जुळवण्याचे काम केले. ज्या किनवटच्या पाड्यावर बटणाएवढा सेल मिळत नाही तेथे ऊन मात्र मुबलक आहे! आपल्या देशातही सार्वजनिक क्षेत्रातील ‘अलिम्को’ हा कानपूरचा कारखाना १९७० च्या दशकापासून आहे. त्याला केवळ शिबिरांचा पुरवठादार करून ठेवणे हा धोरणाचा दोष आहे.

शिबिरांबद्दलही एकदा स्पष्ट बोलले पाहिजे. मंडप पडतो, पुढारी येतात, रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या कानात यंत्रे घातली जातात, छायाचित्र निघते. आठ-पंधरा दिवसांत सेल संपतो किंवा यंत्र शिट्टी मारू लागते, आणि ते ट्रंकेत जाते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली आणि ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांच्या खात्यात साधनांसाठी एकरकमी तीन हजार रुपये देण्याचे ठरवले; साधनांत श्रवणयंत्रही आहे. पैसा थेट हातात येतो, दलाल टळतो, ही तिची चांगली बाजू. परंतु चष्मा, काठी आणि श्रवणयंत्र या तिन्ही वस्तू एका मापाच्या नाहीत. श्रवणयंत्र कानाच्या तपासणीप्रमाणे बसवावे लागते, वापरायची सवय लावावी लागते, मधून मधून दुरुस्त करावे लागते. जेथे ही सेवाच नाही तेथे रोख रक्कम म्हणजे वृद्धाला बाजारात एकटे सोडून देणे होय.

कायद्यातही एक फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तोटा असलेल्याला कमी ऐकणारा आणि ७० च्या पुढच्याला बहिरा मानले. जागतिक आरोग्य संघटना ज्या कानाने अधिक ऐकू येते त्यात ३५ डेसिबलपुढे तोटा गेला की पुनर्वसनाची गरज मानते. या दोन रेषांमधला माणूस वर्गात मागच्या बाकावर बसतो, मास्तरांचे अर्धे ऐकतो, मठ्ठ ठरतो आणि शाळा सोडतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणून यंत्र नाही. आरक्षणासाठी रेषा कडक असावी हे समजण्यासारखे आहे. उपचारासाठी आणि यंत्रासाठी तीच रेषा वापरण्याचे समर्थन होऊ शकत नाही, आणि ही मागणी विधिमंडळात नेता येण्याजोगी आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. कोरड्या घागरींची रांग दिसत होती, म्हणून शासन हलले. बहिऱ्यांची रांग लागत नाही. ज्याला सभेतले ऐकू येत नाही तो सभेला येण्याचे सोडतो. म्हणून आरंभ मोजणीपासूनच करावा लागेल. गावातील पोषण व आरोग्य समितीच्या बैठकीत कान वाहणारी मुले, उशिरा बोलणारी मुले आणि हाक ऐकू न येणारे वृद्ध यांची नावे लिहून घेणे हे दोन संध्याकाळचे काम आहे, त्यासाठी डॉक्टर लागत नाही. उसाच्या टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, बाल स्वास्थ्य पथकाची फेरी त्या गावांत व्हावी असा आग्रह जिल्हा परिषदेत धरता येतो. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांनी स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून वर्षाला एकदा वस्तूंचे वाटप करण्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तपासणी, दुरुस्ती आणि सेल यांची सोय करता येईल. रुग्ण कल्याण समितीवर जे कार्यकर्ते आहेत त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारावे की जिल्हा रुग्णालयातील श्रवणतपासणीची खोली गेल्या वर्षी किती दिवस उघडी होती, किती दिवस साहाय्यकाचे पद रिकामे होते, आणि दिलेल्या यंत्रांपैकी किती जणांना दुसऱ्यांदा बोलावले गेले. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. त्याला दहा रुपयांचे तिकीट लागते.